जुन्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यातील तीन दगड : घरच्या साधनांनी ओळख कुठवर पटते?

मौदेकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझे आजोळ नागपूर जिल्ह्यात, रामटेक तालुक्यात आहे. मामांच्या शेताच्या धुऱ्याला लागून एका बंद पडलेल्या मँगनीज खाणीतून काढून टाकलेल्या दगडांचा मोठा ढीग आहे. ती खदान आईच्या जन्माआधीच बंद झाली, असे घरात सांगतात. खड्ड्यात आता बारमाही पाणी असते आणि ढिगावर बाभळी व पळस वाढले आहेत. दर पावसाळ्यात ढिगातले दगड घरंगळत शेतात येतात आणि वखराला लागतात, म्हणून मामा ते वेचून धुऱ्यावर रचून ठेवतात. या दिवाळीत मी त्या राशीतून तीन दगड निवडून घरी आणले.

पहिला दगड मुठीएवढा, पूर्ण काळा आणि आकाराच्या मानाने फार जड आहे. बाहेरून तो मळकट दिसतो, पण जेथे टवका उडाला आहे तेथे पोलादासारखी करडी चमक आणि बारीक दाणे दिसतात. हाताला काळे लागत नाही. दुसरा दगड बाहेरून काळपट तपकिरी आहे. वखराच्या पाशीने त्याचा एक कोपरा फुटला आणि आतून गुलाबी रंग निघाला. गुलाबी भागातून केसासारख्या काळ्या रेषा गेल्या आहेत. तिसऱ्या दगडात पांढरट करड्या भागात मसुरीच्या डाळीएवढे नारिंगी-तपकिरी दाणे ठासून भरले आहेत आणि भिंगातून पाहिल्यावर त्यांपैकी काही दाण्यांना स्पष्ट पैलू दिसतात.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, परंतु भूविज्ञानाचे शिक्षण घेतलेले नाही. माझ्याजवळ दहापट मोठे दाखवणारे भिंग, लोहचुंबक आणि एका ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा आहे. छायाचित्र दाखवून नाव विचारण्यापेक्षा ओळखण्याची रीत समजून घ्यावी, असे वाटते. हे दगड पुढे शाळेच्या कपाटात ठेवायचे आहेत आणि मुलांसमोर चुकीच्या नावाची चिठ्ठी जायला नको. असे दगड उचलणे योग्य आहे का, हेही कृपया सांगावे.

गारगोटी

आपण रंगाबरोबर जडपणाही लिहिलात आणि हाताला काळे लागते की नाही तेही लिहिलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मी अनेक वर्षे महाविद्यालयात खनिजविज्ञान शिकवले आहे. विद्यार्थी सर्वांत जास्त चुकतात ते रंगावर विसंबल्यामुळे, आणि मँगनीजच्या ढिगावर तर रंगाने फारच फसगत होते.

आधी ढिगाबद्दल लिहितो, कारण दगड तेथे का आला हे कळले की निम्मी ओळख पटते. बालाघाट, भंडारा, नागपूर आणि छिंदवाडा या जिल्ह्यांतून सुमारे २०० किलोमीटर लांबीचा मँगनीजचा पट्टा जातो. तो सौसर गटाच्या अतिप्राचीन रूपांतरित खडकांत आहे. पाण्याखाली साचलेला मँगनीजयुक्त गाळ पुढे खोल गाडला गेला, तापला आणि दाबला गेला. जेथे मँगनीज भरपूर होते तेथे ब्राउनाइटासारखी काळी धातुके बनली, आणि जेथे वाळू व चिकणमाती जास्त मिसळली होती तेथे मँगनीजचे गार्नेट, म्हणजे स्पेसर्टाइन, आणि ऱ्होडोनाइट ही सिलिकेट खनिजे बनली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील एल. एल. फर्मर यांनी या सर्व खाणी पायाखाली घालून १९०९ मध्ये भारतातील मँगनीज धातुकांवर मोठा प्रबंध प्रसिद्ध केला. क्वॉर्ट्‌झ (गारगोटी) आणि स्पेसर्टाइन यांनी बनलेल्या इथल्या खडकाला त्यांनी गोंड समाजाच्या नावावरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. आपला तिसरा दगड बहुधा तोच असावा.

जुन्या खाणींत माल हाताने निवडला जाई. काळा, जड आणि स्वच्छ दगड हातोडीने फोडून वेगळा रचत. गुलाबी, नारिंगी किंवा पांढरे जे निघेल ते ढिगावर जाई, कारण सिलिका जास्त असलेल्या मालाला भाव कमी मिळे. त्यामुळे संग्राहकाला हवी असलेली सिलिकेट खनिजे ढिगावरच जास्त सापडतात. मात्र ती वरून ओळखू येत नाहीत. ऱ्होडोनाइट उघड्यावर राहिले की हवा आणि पाणी यांमुळे त्याच्या पृष्ठावर मँगनीज ऑक्साइडाचा काळा थर चढतो. आपला गुलाबी दगड वखर लागेपर्यंत काळाच दिसत होता, याचे कारण हेच आहे. अशा ढिगावर गुलाबी रंग शोधत फिरणारा बहुधा रिकाम्या हाताने परततो. काळी साल असलेला, हाताला जड लागणारा दगड उचलून त्याचा एक कोपरा फोडून पाहावा.

आता परीक्षा. सर्वांत उपयोगी गुणधर्म विशिष्ट गुरुत्व, म्हणजे दगड तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड आहे, हा आहे आणि तो आपल्या काट्यावर निघेल. दगड प्रथम कोरडा तोलावा. मग काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून काटा शून्यावर आणावा. दगड दोऱ्याला बांधून पाण्यात असा लटकता धरावा, की तो पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काठाला टेकणार नाही. काटा आता जितके ग्रॅम दाखवेल तितके पाणी दगडाने बाजूला सारले आहे. कोरड्या वजनाला या आकड्याने भागले की विशिष्ट गुरुत्व मिळते. दगडाला चिकटलेले बुडबुडे बोटाने पुसून काढावेत, नाहीतर आकडा खोटा हलका येतो.

दुसरी परीक्षा कस पाहण्याची. स्नानगृहातील फरशीच्या तुकड्याची मागची, चकाकी नसलेली बाजू घेऊन तीवर दगडाची ताजी कड जोराने ओढावी आणि उमटलेल्या भुकटीचा रंग उजेडात पाहावा. काळ्या मँगनीज ऑक्साइडांपैकी पायरोल्यूसाइटाचा कस काळा असतो, ब्राउनाइटाचा तपकिरी छटेचा काळा आणि हॉसमॅनाइटाचा स्पष्ट तपकिरी. तिसरी परीक्षा कठिनतेची, जी १ ते १० अशा मोह्‌जच्या श्रेणीत सांगतात. चाकूचे पोलाद आणि खिडकीची काच साधारण ५.५ च्या आसपास असतात. ब्राउनाइटाची कठिनता ६ ते ६.५ आहे, म्हणजे त्याने काचेवर ओरखडा उमटला पाहिजे.

गुलाबी दगडासाठी तीन शक्यता तपासाव्यात. ऱ्होडोनाइट ५.५ ते ६.५ कठिनतेचे आणि ३.५ ते ३.७ विशिष्ट गुरुत्वाचे असते. ऱ्होडोक्रोसाइट वजनाने जवळपास तितकेच, पण कठिनता ३.५ ते ४, म्हणजे चाकूने सहज ओरखडा पडेल. गुलाबी फेल्स्पार कठीण असते, परंतु त्याचे विशिष्ट गुरुत्व २.६ च्या आसपास असल्याने ते हातातच हलके लागेल. आकडे कळवावेत, मग पुढे बोलू.

सावनेरकर

सरांनी सांगितलेल्या परीक्षांत मला काही भर घालायची नाही. एक इशारा मात्र द्यायचा आहे, कारण ती चूक मी स्वतः केली आहे.

अनेक पुस्तकांत दगडावर हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून फेस येतो का ते पाहावे, असे लिहिलेले असते. चुनखडीसाठी ते ठीक आहे. परंतु मँगनीज डायऑक्साइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या संयोगातून क्लोरीन वायू निघतो; शाळेच्या प्रयोगशाळेत क्लोरीन तयार करण्याची जुनी पद्धत हीच होती. मी सुरुवातीच्या काळात काळ्या दगडांची एक वाटी मोरीतल्या फरशी धुण्याच्या आम्लात बुडवून दार लोटून घेतले. काही मिनिटांत डोळे चुरचुरू लागले, घशात आग पडली आणि खोकल्याची उबळ थांबेना. दार उघडून अंगणात येऊन बसलो, म्हणून निभावले. आपल्या शाळेतील मुले हे पाहतील आणि घरी करून बघतील, म्हणून कळकळीने सांगतो : काळ्या मँगनीज दगडावर हे आम्ल टाकूच नये.

दुसरी गोष्ट स्वच्छ करण्याची. दगडावरचा गंज आणि पिवळे डाग काढायला ऑक्झॅलिक आम्ल वापरा, असा सल्ला संग्राहकांकडून नेहमी मिळतो आणि गारगोटीच्या स्फटिकांसाठी तो चांगलाही आहे. पण ऑक्झॅलिक आम्लात मँगनीजची ऑक्साइडेही विरघळतात. माझ्याजवळ मँगनीज ऑक्साइडाचा द्राक्षाच्या घोसासारखा गुठळ्यागुठळ्यांचा, काळा, तकतकीत नमुना होता. चार दिवस त्या द्रावणात ठेवल्यावर त्याच्या गुठळ्या बोथट झाल्या आणि तकाकी गेली, ती परत आली नाही. त्यानंतर मी अशा दगडांना साधे पाणी आणि दात घासण्याचा मऊ ब्रश यांपलीकडे काही लावत नाही.

मँगनीज आहे की नाही एवढेच पाहायचे असेल, तर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडाचा थेंब कसाच्या भुकटीवर टाकावा. मँगनीज डायऑक्साइड असेल तर जोराने फेस येतो. येथे निघणारा वायू ऑक्सिजन असल्याने भीती नाही. आपल्या शाळेत ज्योतपात्र आणि तार असेल, तर टाकणखाराच्या मण्याची परीक्षाही मुलांना दाखवता येईल : तारेच्या वेढ्यात टाकणखार वितळवून केलेल्या मण्याला दगडाची कणभर भुकटी लावून ज्योतीच्या बाहेरच्या भागात तापवली की मणी जांभळा होतो. भुकटी खरोखर कणभरच असावी. जास्त झाली तर मणी काळा दिसतो आणि मुलांची निराशा होते.

तुमसरचा वाटसरू

दगड उचलण्याविषयीच्या प्रश्नाचे उत्तर राहिले, म्हणून लिहितो. माझे आयुष्य भंडारा जिल्ह्यातील खाणींच्या परिसरात गेले आहे.

बंद दिसणारी प्रत्येक खाण बेवारस नसते. अनेक जुन्या जागा आजही कोणाच्या तरी खाणपट्ट्यात आहेत आणि पट्ट्यातला ढीग पट्टेदाराचा असतो, मग त्यावर कितीही झाडे वाढलेली असोत. पूर्वी टाकाऊ मानलेला कमी प्रतीचा माल आता शुद्धीकरण करून वापरला जातो, त्यामुळे जुन्या ढिगांना पुन्हा किंमत आली आहे. आपल्या ढिगाची स्थिती जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारता येईल. पट्टा चालू असेल, तर व्यवस्थापकाच्या परवानगीशिवाय आत पाऊल टाकू नये. रामटेकच्या उत्तरेकडे जंगल लागते. अभयारण्याच्या हद्दीतून साधा दगडही उचलू नये. मामांनी शेतातून वेचलेल्या राशीतले दोन-तीन दगड शाळेसाठी ठेवण्यास कोणाची हरकत असेल असे मला वाटत नाही, पण विक्रीचा विचार कोणी मनात आणू नये.

आणि मुलांना ढिगावर नेऊ नये. अशा ढिगाचा उतार दगड आपोआप जेवढ्यावर थांबले तेवढाच असतो. एक दगड पायाखालून निसटला की वरचे चार सोबत येतात. पाण्याने भरलेल्या खड्ड्याचा काठ तर आतून पोखरलेला असू शकतो आणि तेथे पाणी एकदम खोल होते. मुलांना दगड दाखवायचे असतील तर ते मामांच्या धुऱ्यावरच दाखवावेत.

मौदेकर

सर्वांचे मनापासून आभार. ढिगाच्या मालकीची चौकशी सुरू केली आहे. तोवर धुऱ्यावरच्या राशीपलीकडे मी जाणार नाही. आम्लाची बाटली कपाटात कुलूपबंद केली आहे.

आकडे असे आहेत. काळा दगड कोरडा ३१२ ग्रॅम आणि पाण्याचे वजन ६६ ग्रॅम, म्हणजे विशिष्ट गुरुत्व ४.७३. काचेवर ओरखडा उमटतो, कस तपकिरी छटेचा काळा आहे आणि लोहचुंबक चिकटत नाही. गुलाबी दगडाची काळी साल शक्य तितकी काढून तो तोलला : १८५ ग्रॅम आणि ५२ ग्रॅम, म्हणजे ३.५६. चाकूने ओरखडा पडला नाही. उलट चाकूच्याच पोलादाची रेघ दगडावर उमटली, आणि ती बोटाने पुसली गेली तेव्हा ते लक्षात आले. नारिंगी दाण्यांचा दगड २४० ग्रॅम आणि ७४ ग्रॅम, म्हणजे ३.२४. हा आकडा मात्र कोणत्याही खनिजाशी जुळत नाही.

मामांच्या राशीत आणखी एक काळा दगड मिळाला. तो १२८ ग्रॅम आणि २७ ग्रॅम, म्हणजे ४.७४ भरला. वजनाच्या हिशोबाने तो पहिल्या दगडाचाच भाऊ वाटतो, परंतु लोहचुंबक त्याला इतक्या जोराने चिकटतो की दगड उचलला जातो. त्याचा कस गडद तपकिरी आहे आणि ताज्या टवक्यावर काशाच्या भांड्यासारखी किंचित पिवळसर झाक आहे.

सावनेरकर

हा चौथा दगड फार महत्त्वाचा आहे! नागपूर जिल्ह्यातीलच बेलडोंगरी येथून फर्मर यांनी ‘व्रेडेनबर्गाइट’ नावाचे तीव्र चुंबकीय मँगनीज खनिज वर्णिले होते आणि काशासारखी झाक हे त्याचे लक्षण म्हणून सांगितले जाते. आपल्या जिल्ह्याचे नाव ज्या खनिजाशी जोडले गेले, ते शाळेच्या कपाटात त्याच नावाने असावे, असे मला मनापासून वाटते.

गारगोटी

सावनेरकरांचा उत्साह मी समजू शकतो, तरीही त्या नावाची चिठ्ठी लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण सविस्तर लिहितो.

फर्मर यांनी भारतातील मँगनीज खाणींतल्या खनिजांना अनेक नवी नावे दिली. झाबुआ जिल्ह्यातील काजलीडोंगरी येथील खनिजाला त्यांनी सर्वेक्षणाचे तेव्हाचे संचालक टी. एच. हॉलंड यांच्यावरून ‘हॉलंडाइट’ म्हटले. ते नाव आजही मान्य आहे. छिंदवाडा जिल्ह्यातील सीतापारवरून दिलेले ‘सीतापाराइट’ मात्र पुढे बिक्सबाइट हे आधीच माहीत असलेले मँगनीज-लोह ऑक्साइडच ठरले. व्रेडेनबर्गाइटाचेही तसेच झाले. चकाकी दिलेल्या पृष्ठावर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर ते एक खनिज नसून जेकबसाइट आणि हॉसमॅनाइट या दोन खनिजांचे एकमेकांत गुंतलेले बारीक पापुद्रे आहेत, असे आढळले. लोहचुंबक ओढतो तो त्यातील जेकबसाइटामुळे, जे मँगनीज आणि लोह यांचे चुंबकीय ऑक्साइड आहे. फर्मर यांच्या निरीक्षणात खोट नव्हती. त्यांनी केलेले वर्णन आजही ढिगावर उपयोगी पडते. त्यांच्या हाती क्ष-किरणांची साधने नव्हती, आणि ती आज आपल्याही घरी नाहीत. मग त्यांना जे ठरवता आले नाही ते आपण काट्यावर आणि फरशीवर कसे ठरवणार?

शिवाय आकडा पाहा. काटा एक ग्रॅमपर्यंतच दाखवतो. पाण्याचे वजन २७ ऐवजी २६ धरले तर विशिष्ट गुरुत्व ४.९२ येते आणि २८ धरले तर ४.५७. पहिल्या, मोठ्या दगडात तीच एका ग्रॅमची चूक आकडा फक्त ४.६६ ते ४.८० इतकाच हलवते. म्हणून परीक्षेसाठी नेहमी मोठा आणि एकजिनसी तुकडा घ्यावा. या मर्यादेतही एक निष्कर्ष पक्का निघतो : मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहधातुकाचे विशिष्ट गुरुत्व ५.२ च्या आसपास आणि कस काळा असतो, त्यामुळे हा निव्वळ मॅग्नेटाइट नव्हे. यापुढे जेकबसाइट एकटे आहे की हॉसमॅनाइटासह आहे, हे नागपूर विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागासारख्या ठिकाणी तपासून घ्यावे लागेल.

पहिल्या दगडाची सर्व लक्षणे ब्राउनाइटाशी जुळतात. बिक्सबाइट थोडे जास्त जड, क्रिप्टोमेलेन हे दुसरे काळे मँगनीज ऑक्साइड बरेच हलके. तरी ‘बहुधा’ हा शब्द राहू द्यावा, कारण धातुकाच्या बारीक दाण्यांत दोन-तीन खनिजे सहज मिसळलेली असतात. गुलाबी दगडाची परीक्षा आपण उत्तम केलीत. पोलादाची रेघ पुसून पाहण्याचे पुष्कळांना सुचत नाही आणि ते कठीण दगडाला मऊ ठरवून बसतात. ऱ्होडोनाइट म्हणावे. पायरॉक्समँगाइट नावाचे त्याचे जवळचे भावंड घरच्या परीक्षांनी वेगळे काढता येत नाही, एवढी नोंद चिठ्ठीच्या मागे असावी.

तिसऱ्या दगडाचा आकडा जुळत नाही, कारण तो खडक आहे, एकच खनिज नव्हे. क्वॉर्ट्‌झ २.६५ आणि स्पेसर्टाइन ४.१९ धरून हिशोब केला, तर ३.२४ साठी दगडाच्या आकारमानाचा सुमारे ३८ टक्के भाग गार्नेट असला पाहिजे. भिंगाखाली दगडाच्या सपाट बाजूवर चौकोनी कागदी खिडकी ठेवून नारिंगी भाग अंदाजे मोजावा आणि ताडून पाहावे. वर्गात मुलांकडून करून घेण्यासारखे हे चांगले काम आहे.

चिठ्ठीबद्दल एवढेच, की क्रमांक दगडावरच लिहावा. न दिसणाऱ्या बाजूला पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका देऊन, तो वाळल्यावर काळ्या शाईने लिहिले की पुरते. कागद दगडापासून वेगळा झाला की नमुन्याची किंमत जाते. स्थळ लिहिताना ‘रामटेकजवळ’ एवढ्यावर भागवू नये; गाव, तालुका, जिल्हा आणि दगड ढिगावरून उचलला की शेतातून, हे सर्व असावे.

सावनेरकर

सरांचे म्हणणे पटले. माझा आग्रह मी मागे घेतो. जुने नाव चिठ्ठीच्या मागे इतिहास म्हणून लिहिता येईल का?

गारगोटी

अवश्य लिहावे. ते नाव बेलडोंगरीचे आहे, आपल्या दगडाचे नाही, एवढे स्पष्ट असावे.

मौदेकर

कागदी खिडकी ठेवून आठवीच्या मुलांनी पाच जागी मोजले. नारिंगी भाग ३० ते ४५ टक्क्यांच्या दरम्यान आला. चौथ्या दगडाची चिठ्ठी अशी लिहिली आहे, चूक असल्यास सांगावे :

‘क्र. ४. तीव्र चुंबकीय मँगनीज-लोह ऑक्साइड, बहुधा जेकबसाइटयुक्त. वि. गु. ४.६ ते ४.९, कस गडद तपकिरी. शेताच्या धुऱ्यावरील राशीतून, मूळ जुन्या मँगनीज खाणीच्या ढिगातील, ता. रामटेक, जि. नागपूर. क्ष-किरण तपासणी व्हायची आहे.’

गावाचे नाव येथे मुद्दाम गाळले आहे. कपाटातील चिठ्ठीवर ते लिहिलेले आहे.